पंख्याचे तारण

उन्हाळ्यापूर्वी आमच्या जुन्या घराच्या माडीवर नवा पंखा बसवावयाचा होता. जुन्या पंख्याचा हूक शाबूत दिसत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. वायरमनने शिडीवर चढून तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो बोटभर आत गेला. आतून वाळवी लागली होती आणि नेमके त्याखाली नातवाचे अंथरूण असे.

कर्जापूर्वी तारण तपासण्यात माझी हयात गेली. छताचे तारण मात्र कधी तपासले नाही. पंखा जेमतेम 4 ते 5 किलोंचा. परंतु फिरताना बसणारे हादरे पकड सैल करतात. म्हणून हूक कडीपाटाच्या फळीत नव्हे, भक्कम तुळईतच आरपार घालून वरून वॉशर व नटाने आवळावा. टांगणीचे रबर आणि बोल्टची पिन स्वतः पाहावी. पाती जमिनीपासून किमान 8 फूट उंच असावीत. कामापूर्वी मेन स्विच बंद करावा. जीर्ण वायर बदलून अर्थिंग जोडावे.

आम्ही तुळईखाली लोखंडी गर्डर घालून पंखा त्यालाच टांगला. खर्च पंख्याच्या किमतीहून अधिक झाला; पण नातू आता त्याखाली निर्धास्त झोपतो आणि मीही.