वहीचे मागचे पान

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून लातूरला थोरल्या भावाकडे जाणे, हा माझा गेल्या वीस वर्षांचा नेम आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकीत एस.टी. लातुरात शिरते आणि उतरताच पहिले दर्शन घडते ते देवाचे नव्हे, शिकवणी-वर्गांच्या पाट्यांचे! अमक्याला इतके गुण, तमकीला तितके. तुरीच्या भावाइतकीच गुणांची चर्चाही या गावात रोज चालते.

यंदा चहा संपतो न संपतो, तोच दादाने मला बाजूला घेतले. "तूच बोल त्याच्याशी. तुझंच खूळ शिरलंय त्याच्या डोक्यात."

'तो' म्हणजे माझा पुतण्या. डॉक्टरीसाठी 'नीट' नावाच्या परीक्षेला बसणार आहे. पदार्थविज्ञानाच्या वहीत, मागच्या पानांवर, वहिनींना कविता सापडल्या होत्या. मुलाच्या खिशात विडीची थोटके सापडावीत, अशा चेहऱ्याने त्यांनी ती वही माझ्या हाती दिली.

आता मराठीच्या प्राध्यापकाने काय बोलावे? मला आठवले बी. रघुनाथ. पोराला गच्चीवर नेले आणि सांगू लागलो.

भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, मराठवाड्यातल्या सातोना गावचा. शिक्षण हैदराबादेत, मॅट्रिकपर्यंत. पुढे निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी. राज्यकारभार उर्दूत चाले. कवीची भाषा मराठी. पुणे-मुंबईची मासिके आणि प्रकाशक दूर. पण त्याच नोकरीत राहून त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, आणि १९४१ साली 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह दिला. तात्पर्य काय, तर आधी नोकरी मिळवावी, मग कविता करावी!

पोरगा निमूट ऐकत होता. मला चेव चढला. म्हटले, १९४६ साली त्यांची एक कादंबरी निघाली, तिचे नुसते नाव पाहा: 'म्हणे लढाई संपली'. त्यातला 'म्हणे' मोलाचा आहे. साऱ्या जगाने युद्ध संपल्याचे जाहीर केले, आणि परभणीकडचा हा कारकून म्हणतो, संपली म्हणे! पोलंडच्या तादेउश बोरोव्स्की या कवीचेच पाहा. ऑश्विट्झच्या छळछावणीतून तो जिवंत सुटला, आणि १९५१ साली, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, त्याने स्वतःचा अंत करून घेतला. लढाई काही त्याच्यापुरती संपली नव्हती. आणि आमच्याकडे? १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तोरणे लागली. बी. रघुनाथांचा तो चौतिसावा वाढदिवस. पण मराठवाडा निजामाच्याच अमलात होता; तो सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. मधले वर्ष रझाकारांच्या धास्तीत गेले.

"काका," पोराने मध्येच विचारले, "ते किती वर्षं जगले?"

मी अडखळलो. "चाळीस."

"कशाने गेले?"

"हृदयविकाराने. ७ सप्टेंबर १९५३ ला." जरा थांबून मला सांगावेच लागले, "कचेरीत काम करता करता."

तो काही बोलला नाही. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा संग्रह १९५५ साली निघाला. तो पाहायला कवी नव्हता. आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या नावाने उत्सव होतो. पण हे सांगून माझे तात्पर्य सावरले असते, असे मला वाटेना.

"आणि तुम्ही? आजी सांगायची, तुम्हीपण लिहायचात."

वाचकहो, या प्रश्नाला मी वर्गात हजार वेळा बगल दिली आहे. नोकरी लागली, संसार वाढला, पेपर तपासायचे असतात, ही माझी ठरलेली उत्तरे. पण ज्या माणसाची गोष्ट मी आत्ता रंगवून सांगितली, त्याला ना उन्हाळ्याची सुट्टी होती, ना दिवाळीची; माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. नोकरीने कविता मरते, असे म्हणावे तर बी. रघुनाथ आडवे येतात. नोकरीने माणूस मरत नाही, असे म्हणावे तरी तेच आडवे येतात.

"वाचून दाखव एखादी," मी एवढेच म्हणालो. त्याने दोन वाचल्या. एक बरी होती. एक खरोखर चांगली होती, आणि तसे मी त्याला सांगितले.

खाली दादा वाट पाहत होता. म्हटले, "वही त्याच्याजवळच राहू दे. रात्री जेवणानंतरचा एक तास त्याचा. त्यात कुणी डोकवायचं नाही."

"आणि गुण कमी पडले तर?"

याचे उत्तर मजजवळ नव्हते. दादा बराच वेळ वाती वळीत बसलेल्या वहिनींकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अर्धा तास."

नांदेडला परतल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. जुनी वही सापडली. शेवटच्या कवितेखालची तारीख माझी नोकरी कायम झाली त्याच महिन्यातली आहे. पुढची सगळी पाने कोरी आहेत. अजून पिवळीसुद्धा पडलेली नाहीत.