दूरचित्रवाणीवरील मुकी पिस्तुले

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे ह्यांनी पिस्तूल झाडले, ही कथा आमच्या गावातील शाळकरी पोरासही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. पेटीच्या चोरकप्प्यातून लंडनहून मुंबईस आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांचा उलगडा न्यायालयापुढे झाला, आणि 1911 च्या जानेवारीत सावरकरांस जन्मठेपेची दुसरी शिक्षा झाली ती ह्या वधास साहाय्य केल्याच्या आरोपावरून. त्या खटल्यात शस्त्र हा एक साक्षीदारच होता. ते कोठून आले, कोणी आणले, कोणाच्या हाती गेले, ह्या प्रश्नांवर माणसांचे प्राण आणि आयुष्ये टांगलेली होती.

हे सारे आठवण्याचे कारण, आमच्या घरोघरी रात्रीच्या जेवणाबरोबर वाढल्या जाणाऱ्या गुप्तहेरांच्या मालिका व चित्रपट. आम्हांस बंदुकांचा नाद आहे, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. परंतु आमची तक्रार केवळ नादिष्टाची नव्हे. ह्या खेळांतील पिस्तूल बार काढते, धूर सोडते, माणूस पाडते. साक्ष मात्र देत नाही, आणि दिली तर खोटी देते. जेथे पुरावा हाच कथेचा प्राण, तेथे मुख्य पुरावाच खोटा असावा, ह्यास काय म्हणावे?

उदाहरणे हवी असल्यास वाण नाही. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल ही दोन निराळी यंत्रे होत. आपोआप भरणारे पिस्तूल प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या मारेकऱ्याने स्वतः काढीपर्यंत फिरत्या चक्रातच राहतात. असे असता खुनी रिव्हॉल्व्हर झाडून पळालेला आम्ही डोळ्यांनी पाहतो, आणि पुढच्याच प्रवेशात इन्स्पेक्टर गालिच्यावरून चकचकीत पुंगळी उचलतो! ही पुंगळी आली कोठून, हा खरा गुप्तहेराचा प्रश्न. तो विचारण्याचे भान लेखकास नाही, दिग्दर्शकास नाही आणि त्या चतुर म्हणविणाऱ्या इन्स्पेक्टरासही नाही. शिवाय तो पिस्तूल उचलतो ते हातरुमालाने चोळून किंवा नळीत पेन्सिल खुपसून. म्हणजे ठसे पुसणे व नळीतील खुणा बिघडविणे ही दोन्ही कामे सरकारच पार पाडते.

सायलेन्सरची कथा तर विचारूच नये. तो लावला की बंदूक मांजराच्या शिंकेएवढा आवाज करते, अशी ह्या मंडळींची श्रद्धा आहे. वास्तविक सुमारे 160 डेसिबलांचा बार त्याने 130 च्या आसपास उतरतो; शेजारची खोली जागी व्हावयास तेवढा पुरे. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात व नळीत फट असते व तेथून वायू निसटतो. रशियन नागांसारखा एखादा अपवाद सोडल्यास त्यास सायलेन्सर लावणे म्हणजे फुटक्या घागरीस बूच मारणे होय.

प्रयोगशाळेत तर विज्ञानाची अधिकच विटंबना. प्रेतातून काढलेली गोळी डॉक्टर दिव्यापुढे धरतात आणि तत्क्षणी ती कोणत्या पिस्तुलाची ते सांगून मोकळे होतात. खरी रीत अशी की, संशयित शस्त्रातून पाण्यात किंवा कापसात दुसरी गोळी झाडतात. नळीच्या आतील पिळाच्या खाचांनी दोन्ही गोळ्यांवर उमटलेल्या रेघा जोडसूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींशी ताडून पाहतात. आणि इतके करूनही तज्ज्ञ देतो ते मत असते, निकाल नव्हे. ह्या सावकाशीत केवढे नाट्य आहे! ते टाकून आम्ही चुटकीचा चमत्कार पत्करतो.

ह्यावर ठरलेले उत्तर असे की, हे मनोरंजन आहे, त्यात एवढा काथ्याकूट कशास? मनोरंजनास नियम नसतो, हे आम्हांस मान्य नाही. 1993 साली बासू चटर्जी ह्यांनी दूरदर्शनवरून घरोघर पोहोचविलेला ब्योमकेश बक्षी घ्या. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ कथांपैकी एकीत सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन सुटते व माणूस मरतो. शस्त्र सर्वस्वी कल्पित. परंतु ते जवळूनच का मारावे लागते, आवाज कोणास का ऐकू येत नाही, ह्याचा हिशेब लेखकाने चोख ठेवला आहे. कल्पनेस आमची हरकत नाही, हरकत आहे ती आळसास. पेशव्यांच्या दरबारात कोणी फाउंटनपेनाने लिहिताना दिसला तर जो प्रेक्षक दुसऱ्या दिवशी संतप्त पत्र धाडतो, तोच बंदुकीविषयी इतका उदार का?

आणि हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्निल कुसाळे ह्यांच्या शिक्षणाचा काही काळ ह्याच नाशिकात गेला. कोणत्याही नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा असतो तो असा: नेम धरीपर्यंत बोट चापावर नको, आणि नळी माणसाकडे नको. आमचे पडद्यावरील वीर चापावर बोट ठेवूनच जिने चढतात, सोबत्याच्या पाठीवर नळी रोखून दारे उघडतात, बोलताना पिस्तुलाने हातवारे करतात. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून माणसे मारली जातात, म्हणून 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून अशा बेपर्वा गोळीबारास शिक्षा ठरवावी लागली. ही हौस सगळी पडद्यानेच शिकविली असे आम्ही म्हणत नाही. परंतु शस्त्र हे हातवाऱ्याचे साधन आहे, ही समजूत पडद्याने रोज रात्री दृढ केली, हे कोण नाकारील?

उपाय फार खर्चाचा नाही. नटीच्या साड्या कोणी पुरविल्या ते श्रेयनामावलीत छापतात. त्याच नामावलीत एखाद्या निवृत्त सुभेदाराचे किंवा पोलीस शस्त्रागारातील हवालदाराचे नाव येऊ द्यावे. त्याने एवढेच करावे: प्रत्येक बारानंतर विचारावे, "साहेब, पुंगळी कुठे पडली?" ज्या कथेस ह्याचे उत्तर देता येत नाही, तिने गुप्तहेरकथा म्हणून आमच्या घरात येऊ नये.