ऑक्टोपस घरी पाळावा काय?

प्राणी पाळण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. गोठ्यात गाय, दाराशी कुत्रा आणि काचेच्या पेटीत रंगीत मासे हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. अमेरिकेसारख्या देशांत काही हौशी मंडळी ह्याच्याही पुढे जाऊन, खाऱ्या पाण्याच्या टाकीत घरीच लहानसा ऑक्टोपस पाळतात. असा अद्भुत प्राणी आपल्याही घरी असावा, असे तुमच्यापैकी कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु, मुलांनो, कोणतीही हौस पुरी करण्यापूर्वी तिची किंमत कोणाला मोजावी लागणार, हे पाहावयास हवे.

ऑक्टोपस हा मासा नव्हे. तो शंखशिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी होय. त्याला आठ भुजा आणि तीन हृदये असतात. रक्तात तांबे असल्यामुळे ते निळे दिसते. क्षणार्धात तो आपल्या कातडीचा रंग बदलतो. त्याच्या शरीरात हाड नाही. पोपटासारखी एक चोच मात्र कठीण असते. ती ज्या फटीतून जाईल, तिच्यातून सारा ऑक्टोपस जाऊ शकतो. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुतेक डोक्यात नसून भुजांत असतात. त्यामुळे प्रत्येक भुजा जणू स्वतःच चाचपडते, चव घेते आणि शोध करते.

ह्या प्राण्याची बुद्धीही तितकीच चौकस आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयात रोलंड अँडरसन आणि जेनिफर मेदर ह्या संशोधकांनी आठ ऑक्टोपसांपुढे औषधाच्या रिकाम्या बाटल्या तरंगत सोडल्या. बाटली खाण्याजोगी नाही, हे सर्वांनाच लवकर कळले. परंतु दोघांनी तिच्यावर पाण्याची चिळकांडी मारून तिला दूर लोटले. टाकीतील प्रवाहाबरोबर ती परत आली की पुन्हा लोटले. भिंतीवर चेंडू आपटून झेलणाऱ्या मुलासारखाच हा खेळ होता! हे निरीक्षण १९९९ साली प्रसिद्ध झाले.

न्यूझीलंडमधील नेपियर येथील मत्स्यालयात ‘इंकी’ नावाचा एक ऑक्टोपस होता. एका रात्री टाकीचे झाकण किंचित उघडे राहिले. इंकी बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळातून समुद्रास जाऊन मिळाला! २०१६ साली ही वार्ता जगभर गाजली. त्याचा सोबती मात्र टाकीतच राहिला. तेव्हा प्रत्येक ऑक्टोपस सुटकेसाठी तळमळतो, असे आपण म्हणू नये. परंतु काचेच्या चार भिंती त्यातल्या काहींना तरी पुरत नाहीत, एवढे खरे.

आता पाळणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दोन ठिपक्यांचा एक ऑक्टोपस आढळतो. त्याच्या प्रत्येक डोळ्याखाली निळ्या कड्याचा एक ठिपका असतो. पाळण्यासाठी पुष्कळदा हीच जात निवडली जाते. जाणते लोक त्याच्यासाठी घट्ट झाकणाची प्रशस्त टाकी घेतात, पाणी सतत गाळून स्वच्छ ठेवतात, लपावयास दगडांची कपार रचतात, खावयास खेकडे आणि खेळावयास वस्तू देतात. “समुद्रात त्याला मोठे मासे गिळतात, आमच्याकडे तो सुरक्षित आहे,” असे ते म्हणतात. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही.

तथापि माझे मत निराळे आहे. सुरक्षितता म्हणजेच सारे जीवन नव्हे. ह्या ऑक्टोपसाचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच असते. आपली हौस सहा महिन्यांत फिटेल. परंतु तेवढ्यात त्याचे निम्मे किंवा पाव आयुष्य संपलेले असेल. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. मग ती अन्न सोडते, अंड्यांची राखण करते आणि पिले बाहेर येण्याच्या सुमारास मरण पावते. नराच्या संगतीवाचून टाकीत वाढलेल्या मादीची अंडी फळत नाहीत. तरीही ती त्यांच्यापाशी उपाशी बसून राहते. हे दृश्य दिवाणखान्याची शोभा वाढवणारे आहे काय?

कोणी म्हणेल, सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी तरी ऑक्टोपस टाकीतच ठेवले होते ना? होय. परंतु ज्ञान मिळवण्यासाठी तज्ज्ञांनी जबाबदारीने केलेला अभ्यास वेगळा आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी केलेला संग्रह वेगळा. अशा अभ्यासांतूनच ह्या प्राण्याला वेदना होतात हे माणसास उमगले, आणि २०२२ साली ब्रिटनने कायद्याने त्याची गणना सुखदुःख जाणणाऱ्या प्राण्यांत केली. जे ज्ञान आपल्याला मिळाले, त्याला जागणे हे आपले कर्तव्य आहे.

मग जिज्ञासा मारून टाकावी काय? मुळीच नाही! आपल्या मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी पाण्याच्या डबक्यांत ऑक्टोपस आढळतात. जाणत्या माणसाबरोबर तेथे जावे, स्तब्ध उभे राहावे आणि हात न लावता पाहावे. कदाचित दगडच हलल्याचा भास होईल आणि त्याला दोन डोळे दिसतील. कदाचित काहीच दिसणार नाही. तेव्हा पुन्हा जावे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याने आपल्या घरी राहावे आणि आपण आपल्या घरी परतावे.