कासेची सूज आणि कोरफडीचा लेप



पाऊस लागला, गोठ्यात चिखल झाला, की जुन्नर-आंबेगावच्या गावांतून एक तक्रार हटकून कानावर येते. काल संध्याकाळपर्यंत शांत उभी राहणारी गाय आज सकाळी धारेला लाथ झाडते, कासेला हात लावू देत नाही. एका बाजूचा सड गरम नि टणक लागतो आणि पहिल्या पिळांत दह्यासारख्या गुठळ्या येतात. आपण याला दगडी म्हणतो, पशुवैद्य कासदाह म्हणतात. हयगय झाली तर तो सड कायमचा बाद होतो. मग तीन सडांची गाय घेऊन बेल्ह्याच्या बाजारात उभे राहा. गिऱ्हाईक पहिला हात कासेलाच घालते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या दगडीवर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप लावतात. ‘झाडपाल्याचं औषध’ म्हणून नाक मुरडू नका. तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठातील प्राध्यापक पुण्णियमूर्ती यांनी जुन्या घरगुती उपचारांवर अभ्यास करून त्यांची मापे बसवली, आणि आणंदच्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने हा लेप देशभरच्या दूध उत्पादकांपर्यंत नेला. मी शेतकीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. म्हणून माप त्यांचेच देतो.

कोरफड पाव किलो, हळद ५० ग्रॅम, खाण्याचा चुना १५ ग्रॅम. कोरफडीच्या काटेरी कडा काढून तुकडे करावेत आणि तिन्ही वस्तू पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये एकजीव वाटाव्यात. हळद-चुना एकत्र आल्यामुळे लेप लालसर होतो. घरी कुंकू तयार करणाऱ्या आज्यांना हे ठाऊकच असेल. त्यात नुसती रंगाची गंमत नाही. हळदीतला दाह कमी करणारा अंश साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, चुन्याच्या क्षारात तो जास्त विरघळतो. कोरफडीचा गर थंडावा देतो आणि लेप कासेला धरून ठेवतो.

कास स्वच्छ पाण्याने धुवावी, सुजलेल्या सडातले दूध हलक्या हाताने पूर्ण पिळून काढावे. मग मूठभर लेपात पाव लिटरला थोडे कमी पाणी घालून तो पातळ करावा आणि सगळ्या कासेला लावावा, नुसत्या दुखऱ्या सडाला नव्हे. असे दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. लेप रोज ताजा वाटावा. जोडीला दोन लिंबे कापून दिवसातून दोनदा, तीन दिवस खाऊ घालावीत. दुधात रक्त उतरत असेल तर दोन मुठी कढीपत्ता गुळाबरोबर वाटून दोन वेळा द्यावा.

दहा वेळा म्हणजे दहा वेळा. आपल्याकडे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा लेप फासतात आणि तिसऱ्या दिवशी ‘काही गुण नाही’ म्हणून कोरफड उकिरड्यावर जाते. लेप वाळून पडला की त्याचे काम संपले. कांद्या-टोमॅटोच्या हंगामात हे जमवणे कठीण आहे, आणि बहुतेक घरांत ते बाईच्याच अंगावर येते. तेव्हा शाळेतून आलेल्या पोरांना आणि ओट्यावर बसलेल्या कारभाऱ्यांनाही पाळी लावून द्या.

पुढच्या धारेपूर्वी कास पुन्हा नीट धुवावी. आजारी सडाचे दूध डेअरीला घालू नये, वासराला पाजू नये आणि गोठ्यात जमिनीवरही पिळू नये. त्यातूनच रोग शेजारच्या गाईला जातो. वेगळ्या भांड्यात घेऊन लांब खड्ड्यात पुरावे. रोज धारेला बसताना पहिले दोन पीळ काळ्या ताटलीत घेऊन पाहिले तर बारीक कण लगेच दिसतात. लेपाचा खरा गुण अशा सुरुवातीच्या वेळीच येतो. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे असते; तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकावी.

आता लेपाच्या भरवशावर कुठे थांबायचे नाही ते सांगतो. गाईला ताप आहे, तिने चारा टाकला, दूध पाण्यासारखे पातळ किंवा रक्ताळ येते, कास थंड पडून निळसर दिसते. अशा वेळी डॉक्टरांना तत्काळ बोलवा. डिंभे धरणाच्या वर भीमाशंकरकडच्या गावांना दवाखाना लांब पडतो. त्यांनी १९६२ या क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत लेप चालू ठेवावा. गळ्याखाली सूज आणि घरघर असेल तर घटसर्प, मांडी सुजून दाबल्यावर चरचर वाजली तर फऱ्या. तिथे पाला वाटत बसलात तर जनावर हातचे जाईल. या दोन्हींची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते.

विण्याच्या सुमारास कासेला येणारी सूज वेगळी. बोटाने दाबले तर खळगा राहतो, दूध मात्र चांगले असते. तिथे पाव लिटरला थोडे कमी तिळाचे किंवा मोहरीचे तेल गरम करून मूठभर हळद आणि चिरलेल्या दोन लसूणपाकळ्या घालाव्यात, वास सुटला की उतरवून गार करावे, आणि दिवसातून चार वेळा गोल चोळावे. आधी दगडी नाही याची खात्री करून घ्यावी.

बैलाचा खांदा आला, तर जू उतरवणे हेच पहिले औषध. पहिल्या दिवशी गार पाणी, पुढे ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला गरम करून शेक. कातडी फुटली असेल तर शेकू नये. रुईचा चीक, बिबा आणि तापलेल्या लोखंडाचा डाग यांच्या वाटेला जाऊ नका. आळ्याला रेड्याची समाधी पूजणाऱ्या मुलखात अजून डाग दिलेली जनावरे दिसतात, याचे मला नवल वाटते.

सुजेवर माणसाची गोळी किंवा इंजेक्शन जनावराला देणेही थांबवा. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ साली बंद झाले, कारण ते टोचलेले जनावर मेल्यावर त्यावर तुटून पडणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. वेदनाशामक लागलेच तर मेलॉक्सिकॅमबद्दल डॉक्टरांना विचारा.

पाच दिवसांचा लेप म्हणजे सव्वा किलो कोरफड. परसातल्या एका कुंडीत ती भागणार नाही. गोठ्याच्या पागोळीला नको, तिथे मुळे कुजतात. बांधाच्या उंच, निचऱ्याच्या जागी दहा-बारा पिले आत्ताच लावून ठेवा.