पोलिसाची वर्दी आणि शाळकरी मुले

मुलांना पोलीस खात्याची ओळख करून देणारी ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना केरळात २०१० साली सुरू झाली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती देशभर नेली. आठवी-नववीच्या मुलांच्या अंगी कायद्याची जाण व शिस्त बाणविणे, हा तिचा हेतू. शिकवणी वर्गांसाठी ख्यातनाम असलेल्या लातुरात मात्र तिला भरतीची पहिली पायरी मानले जाण्याचा धोका संभवतो. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यातील १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर! उमेदीची वर्षे मैदानावर धावण्यात घालवून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचे काय? पोलीस ठाण्याची पायरी न भिता चढणारे, आपले हक्क व कर्तव्य जाणणारे नागरिक किती घडले, यावरूनच या योजनेचे यश मोजावे.