हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

गोव्यातील मराठी वाचकाला भालकी हे नाव ठाऊक आहे ते सीमाप्रश्नामुळे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांत बेळगाव, कारवार, निपाणीसोबत बिदर आणि भालकी यांचाही उच्चार होत असे. पुढे भालकी कर्नाटकातच राहिली. आज या तालुक्यासमोर भाषेच्या प्रश्नाइतकाच बिकट प्रश्न आहे तो पाण्याचा आणि चाऱ्याचा. मांजरा नदी आणि कारंजा धरण जवळ असूनही पाऊस हुकला की जनावरांच्या दावणी रिकाम्या पडतात. नावाजलेला देवणी गोवंश याच लातूर-बिदर पट्ट्यातला. परंतु ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून त्याच्या वाट्याचा कडबा आटत चालला आहे.

अशा भागाच्या संदर्भात हिरवळीच्या संशोधनाची चर्चा करणे प्रथमदर्शनी चैनीचे वाटेल. तथापि २०१६ चा उन्हाळा आठवावा. भालकीहून उदगीरमार्गे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे असलेल्या लातूर शहराला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत जेमतेम पाच लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास आयपीएलच्या मैदानांवरील पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश निघाला. मैदानांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेट मंडळाने दर्शविली, पण ती न्यायालयाने कान उपटल्यानंतर. हा पर्याय आधीपासून उपलब्ध असताना तो आधी कोणालाच का सुचू नये, हा त्या प्रकरणातील खरा प्रश्न होता.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका एकराला सुमारे वीस हजार लिटर पाणी रोज हवे. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटरचा निकष जलजीवन मिशनने ठरविला आहे. म्हणजे एक एकर हिरवळ साडेतीनशेहून अधिक माणसांचे पाणी रोज पिते. मराठवाड्यात मंगल कार्यालयांच्या नावापुढे ‘लॉन्स’ हा शब्द आता सर्रास लागतो. त्या प्रत्येक पाटीमागे हा हिशेब दडलेला आहे.

येथे संशोधनाची भूमिका सुरू होते. जगभरची मैदाने ज्या ‘बर्म्युडा’ गवताने सजतात, ते मुळात आपली हरळीच होय. चतुर्थीला आपण त्याच दूर्वा गणपतीला वाहतो आणि काळ्या रानातला शेतकरी तीच हरळी खणून बांधावर फेकतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा तिच्या आफ्रिकी भाऊबंदाशी संकर करून ‘टिफवे’सारखे वाण निर्माण केले. याच बर्टन यांनी बाजरीची ‘टिफ्ट २३ ए’ ही नरवंध्य ओळ तयार केली होती. ती भारतीय संशोधकांच्या हाती आली आणि १९६५ मध्ये ‘एचबी-१’ हा आपला पहिला संकरित बाजरी वाण प्रसारित झाला. हिरवळ आणि भाकरी या दोहोंचे संशोधन एकाच प्रयोगशाळेत होऊ शकते, याचा हा पुरावा. त्यातला धडाही विसरता कामा नये. एकाच ओळीवर विसंबलेल्या संकरित बाजरीला १९७० च्या दशकाच्या आरंभी केवडा रोगाने जबर तडाखा दिला. परदेशी वाण आणून लावणे म्हणजे संशोधन नव्हे. आपल्या मातीतील विविधता जपणे हा त्याचा पाया असावा लागतो.

टिफ्टनमध्येच विकसित झालेला ‘टिफटफ’ हा नवा वाण ‘टिफवे’पेक्षा सुमारे ३८ टक्के कमी पाण्यावर टिकतो, असे तेथील संशोधक सांगतात. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू धरला, तरी वीस हजारांतून साडेबारा हजार लिटर उरतातच. ते सव्वादोनशे माणसांचे पाणी आहे. संशोधन गरज कमी करू शकते. उरलेले पाणी कोणाला द्यायचे, याचा निर्णय शासनाला आणि समाजालाच घ्यावा लागतो.

आपल्याकडे संस्थांची वानवा नाही. झाशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था १९६२ पासून कार्यरत असून तिचे प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे. भालकीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या पटनचेरूला ‘इक्रिसॅट’ ज्वारी-बाजरीवर काम करते. चारा, बांधबंदिस्ती आणि मैदाने यांसाठीच्या गवतांचा एकत्रित विचार या संस्थांनी केला, तर बांधावरची हरळी आणि पडीक रानातली स्थानिक गवते नव्या दृष्टीने तपासता येतील. उताराची माती धरून ठेवणारे आणि उन्हाळ्यात देवणीच्या तोंडी लागणारे गवत ही भालकीची गरज आहे. मखमली गालिचा नव्हे.

गोव्याने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर फिरतातच. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पावरून उठलेला वाद अजून विस्मरणात गेलेला नाही. हॉटेले आणि गृहसंकुले यांच्या हिरवळी वाढतच आहेत. त्यांना परवाना देताना तीन अटी घालता येतील: नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याऐवजी केवळ प्रक्रिया केलेले सांडपाणी, कमी पाण्यावर जगणाऱ्या गवताचीच निवड, आणि पाण्याच्या वापराची मीटरनिशी जाहीर नोंद. सरकारी मैदानांपासून आरंभ केला तर खासगी मालकांना सबब उरणार नाही.

लातूरला पाण्याची गाडी धावली तेव्हाच मैदानांच्या पाण्याचा हिशेब मांडला गेला. गोव्याने तो टंचाई येण्यापूर्वीच मांडावा.