औषधसुरक्षेसाठी निवासी फार्मासिस्ट का नकोत?



रुग्णालयात चुकीचे औषध किंवा चुकीची मात्रा दिली गेल्याचे उघडकीस आले की परिचारिकेचे निलंबन आणि चौकशी समितीची घोषणा एवढ्यावर प्रकरण बहुधा मिटते. ती चूक घडू शकेल अशी व्यवस्था मुळात का होती, हे शोधण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही.

इन्सुलिनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. भारतात एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या कुप्याही वापरात आहेत आणि 100 युनिटच्याही. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज लागते, दुसरीसाठी नारिंगी टोपणाची. 100 युनिटच्या कुपीतील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला 20 ऐवजी 50 युनिट टोचले जातात आणि रक्तातील साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. रात्रपाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेने टोपणाचा रंग अचूक ओळखावा, या अपेक्षेवर सुरक्षितता टांगून ठेवणे ही प्रशासनाची निव्वळ सोय आहे. वॉर्डात एकाच तीव्रतेची कुपी आणि तिच्याच मापाची सिरिंज पोहोचेल, अशी खरेदी व साठवण करणे हा खरा उपाय असून तो वॉर्डाबाहेर, भांडारात आणि खरेदीच्या टेबलावर करावा लागतो.

अमेरिकेत असे काम करणारे फार्मासिस्ट घडवण्यासाठी फार्म. डी. पदवीनंतर निवासी प्रशिक्षणाची सोय आहे, म्हणजे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच विद्यावेतनावर काम करत शिकण्याची. पहिले वर्ष सर्वसाधारण असते. दुसरे औषधवापरातील सुरक्षा व धोरण या विषयाला वाहिलेले घेता येते, आणि त्यात घडलेल्या तसेच थोडक्यात टळलेल्या चुकांची मुळापर्यंत छाननी करायला शिकवले जाते. तेथे चुका होत नाहीत असे मुळीच नाही. 2017 मध्ये टेनेसी राज्यात संगणकीय औषधकपाटावर नावाची पहिली दोन अक्षरे टंकली गेली, शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध हाती आले, रुग्ण दगावला आणि 2022 मध्ये परिचारिका दोषी ठरली. औषध शोधताना किमान पाच अक्षरे टंकावीच लागावीत, हा तज्ज्ञांनी सुचवलेला बदल मात्र कोणत्याही शिक्षेपेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

भारतात फार्म. डी. अभ्यासक्रम 2008 पासून आहे. सहा वर्षांच्या या शिक्षणात अखेरचे वर्ष इंटर्नशिपचे असते. पुढे रुग्णालयात त्या ज्ञानाला साजेशी जागा क्वचितच मिळते, आणि सरकारी रुग्णालयातील औषधनिर्माण अधिकाऱ्याचा दिवस साठा व वाटप यांतच सरतो. खर्चाचा आक्षेप येईलच. परंतु निवासी डॉक्टरांना विद्यावेतन देणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रत्येकी दोन निवासी फार्मासिस्ट नेमणे फार मोठी गोष्ट नाही. मात्र त्यांचा अहवाल भांडारप्रमुखाकडे नव्हे, तर थेट वैद्यकीय अधीक्षकांकडे जाईल, हे नियुक्तीच्या आदेशातच नमूद असावे.

एक वाचक, नागपूर